शेवटाकडून आखलेली दोन वर्षे

कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्सफर केंद्रात मी समुपदेशनाचे काम करते. अशा कॉलेजात पहिली दोन वर्षे शिकून पदवी पूर्ण करायला विद्यापीठात जाणे, यालाच येथे ट्रान्सफर म्हणतात. त्याआधी अशाच एका कॉलेजातून मी स्वतः यूसी डेव्हिसला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातील मराठी पालकांना हा मार्ग अनेकदा दुय्यम वाटतो. त्यांना मी डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांची आठवण करून देते. मात्र तेथे विषय आधीच ठरलेले असतात. येथे ते विद्यार्थ्याने निवडायचे असतात, आणि घोळ होतो तो नेमका या निवडीत.

माझाही झाला. पहिल्याच सत्रात मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी संख्याशास्त्र घेतले. त्याची युनिट्स, म्हणजे श्रेयांक, विद्यापीठाने धरली, परंतु माझ्या मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, कॅल्क्युलसची मालिका हवी होती, आणि ती क्रमानेच पूर्ण करावी लागत असल्यामुळे माझे एक वर्ष वाढले. युनिट्स धरली जाणे आणि मेजरची अट पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक नव्हते. समुपदेशकाची भेटही मी घेतली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून नव्या विद्यार्थ्याला मी प्रथम 'असिस्ट' हे संकेतस्थळ उघडायला लावते. आपले कॉलेज, हवे ते विद्यापीठ आणि मेजर निवडले, की येथील कोणता कोर्स तेथील कोणत्या कोर्सच्या जागी चालतो, ते त्यावर दिसते. दोन-तीन विद्यापीठांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात आणि त्यांत समान असलेले कोर्स आधी घ्यावेत. कॅल्क्युलस किंवा भौतिकशास्त्राची मालिका शक्यतो एकाच कॉलेजात संपवावी, कारण क्वार्टर पद्धतीच्या (वर्षाला तीन मुख्य सत्रे) कॉलेजातून सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षाला दोन) कॉलेजात मध्येच गेल्यास जुळणी बिघडते.

शरद सत्रात यूसीमध्ये जायचे असेल, तर त्याआधीच्या वसंत सत्राअखेर 60 सेमिस्टर किंवा 90 क्वार्टर युनिट्स पूर्ण हवीत. यूसीच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ यांपैकी एका ठिकाणी 'टॅग' या प्रवेश-हमी योजनेद्वारे, ठरावीक अटींवर, प्रवेशाची हमी मिळते. यूसीचे बर्कली, लॉस एंजेलिस (यूसीएलए) आणि सॅन डिएगो हे कॅम्पस त्यात नाहीत, शिवाय काही मेजरही वगळलेले असतात. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरला तरी मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो. कॅल स्टेट या राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठ-व्यवस्थेकडे जाणाऱ्यांसाठी 2010च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची असोसिएट (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची) पदवी सोयीची आहे, परंतु तिची हमी त्या व्यवस्थेतील प्रवेशाची असते, हव्या त्याच कॅम्पसची नसते.

अर्ज गेला की मुले निर्धास्त होतात, आणि मला खरी काळजी तेव्हाच वाटू लागते. यूसीला जानेवारीत शरद सत्राचे गुण आणि पुढील कोर्सची माहिती पुन्हा भरून द्यावी लागते. त्यानंतर वसंत सत्रातील एखादा कोर्स जड वाटला, तर तो सोडण्याआधी समुपदेशकाकडे यावे, कारण अर्जात दाखवलेला तोच कोर्स मेजरची अट असू शकतो. आणि तरीही सोडावाच लागला, तर विद्यापीठाला तातडीने कळवावे.