भयपटाचे आजोबा कसे शोधावेत

नव्या भयपटांमागचे जुने सिनेमे घरी जमून बघायचे, असं आम्ही ठरवलं. पहिल्याच बैठकीत माझी फजिती झाली, तिथूनच सुरुवात करते. डोंबिवलीतला आमचा हॉल, सात माणसं, दोन सोफे, एक चटई आणि भिंतीवर ४३ इंची टीव्ही. रॉबर्ट एगर्सचा २०२४ चा 'नोस्फेराटू' माझ्या भाच्याला फार आवडला होता. मी म्हटलं, मग याचं मूळ बघू, मुर्नाऊचा १९२२ चा. नेटवर जो फुकट सापडला तो लावला. अर्ध्याहून जास्त सिनेमा झाल्यावर त्यातला रक्तपिपासू काउंट ओरलोक आपली शवपेटी काखोटीला मारून गावातून निघाला, आणि रस्त्यावर लख्ख ऊन! शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हा उन्हाने मरतो ना? मग टोपी तरी घालायची." हॉल हसून लोळला. त्या रात्री पुढे कोणी घाबरलं नाही.

चूक ओरलोकची नव्हती, माझ्या प्रिंटची होती. त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसाच चित्रित करत आणि मग फिल्मच्या त्या पट्टीला निळा रंग देत. निळं म्हणजे रात्र, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. फुकटात फिरणाऱ्या बऱ्याच प्रतींमधून तो रंगच उडालाय, त्यामुळे रात्रीची दुपार होते. या सिनेमाच्या प्रतींचे तसेही हालच झाले. 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या स्टोकरच्या बायकोने परवानगीशिवाय गोष्ट उचलल्याबद्दल खटला भरला आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. इकडेतिकडे उरल्या त्यांवर आपण जगतोय. तेव्हा मूकपट लावण्याआधी दहा मिनिटं खर्चून नीट दुरुस्त केलेली, रंग दिलेली प्रत शोधा. नाही मिळाली तर तो सिनेमा त्या रात्री लावू नका.

आता पद्धत. मी विमा कार्यालयात सव्वीस वर्षं फायली चाळल्या, सिनेमा शिकलेली नाही. पण एका कागदावरून मागचा कागद शोधायची सवय आहे, तीच इथे वापरते. तुम्हाला खरोखर हादरवून गेलेला एक नवा सिनेमा घ्या. फक्त एक. 'आठवड्यात पाहायलाच हवेत असे पन्नास भयपट' वगैरे याद्यांच्या नादी लागू नका. त्या वाचताना मजा येते, पाहून होत नाहीत.

मूळ शोधायची माझी आवडती युक्ती अगदी बाळबोध आहे. सिनेमातली माणसं घरात टीव्हीवर काय बघतायत ते बघा. 'स्क्रीम' (१९९६) मधली पोरं पार्टीत जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' (१९७८) लावून बसतात. 'हॅलोवीन'मधली पोरं त्या रात्री 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' (१९५१) बघतात. पुढे १९८२ मध्ये कार्पेंटरने त्याच कथेवर स्वतःचा 'द थिंग' केला. म्हणजे नातवापासून आजोबांपर्यंतचा रस्ता सिनेमातच दाखवलेला, आपण पॉपकॉर्न खाताना तिकडे बघत नाही एवढंच. जेनिफर केंटच्या 'द बाबाडूक' (२०१४) मधल्या आईला झोप येत नाही, तेव्हा टीव्हीवर मेलिएस या मूकपटांच्या काळातल्या फ्रेंच दिग्दर्शकाच्या जादूच्या फिल्मा चालू असतात. त्यातलं भूत, तो बाबाडूक, असा कागदी, झटके देत का हलतो याचं उत्तर तिथेच मिळतं.

दुसरा मार्ग म्हणजे दिग्दर्शकाने आपल्या माणसांना दिलेला गृहपाठ. 'द शायनिंग' करताना कुब्रिकने आपल्या चमूला लिंचचा 'इरेझरहेड' दाखवला होता, आपल्या सिनेमाची हवा अशी हवी, हे त्यांना कळावं म्हणून. जॉर्डन पीलने 'अस'च्या आधी त्यातली नायिका लुपिता न्याँगोला दहा सिनेमांची यादी दिली होती. त्यात हिचकॉकचा 'द बर्ड्स' होता, कोरियातला 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' होता, 'द शायनिंग'ही होताच. मुलाखतींत ही माहिती सहज मिळते. कारण हे लोक उसनवारी लपवत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात. एगर्सने तर शाळेत असतानाच 'नोस्फेराटू'चं नाटक बसवलं होतं.

पाहण्याचा क्रम नवा आधी, जुना नंतर, मध्ये आठ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. जुना पाहून झाला की नव्यातले दोन-तीन प्रसंग पुन्हा लावायचे. भाचा म्हणतो, कालक्रमाने बघायला हवं. त्याने तसं बघावं. माझा अनुभव असा की, आजोबांचा चेहरा नातू पाहिल्यावरच ओळखीचा वाटतो.

खोलीची तयारी कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय सगळं फुकट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. ती बंद करा, नाहीतर १९६१ चा सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. चित्राचा मोड 'व्हिविड'वरून 'सिनेमा'वर आणा. जुनी चौकोनी फ्रेम ताणून पडदाभर करू नका, बाजूच्या काळ्या पट्ट्या असू द्या. पंखा एकवर. मोबाइल शेजारच्या खोलीत, आणि यात यजमानही आले. कुकर साडेनऊच्या आत उतरलेला हवा. माझी पन्नाशी उलटली तरी शिट्टीने मी दचकतेच, आणि मग पडद्यावरच्या दचकण्यात दम राहत नाही.

सुरुवातीला कोणती जोडी घ्यावी? मी सांगेन, रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) आणि त्याच्या आधीचा 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२). रोमेरोने या दुसऱ्याचं ऋण मान्य केलंय, आणि दोन्ही कायदेशीरपणे फुकट मिळतात. रोमेरोच्या सिनेमाची तर गंमतच झाली. आयत्या वेळी नाव बदललं, आणि नव्या नावाच्या पाटीवर हक्कांची ओळ टाकायची राहिली. त्या एका ओळीपायी सिनेमा सगळ्या जगाचा झाला. आमच्या कार्यालयात असं कोणी केलं असतं तर चौकशी लागली असती.

'कार्निव्हल' करणारा हर्क हार्वी कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट काढायचा. कॅलिफोर्नियाहून गाडीने परतताना सॉल्ट लेकच्या काठी त्याला ओसाड पडलेला एक जुना मनोरंजन-मंडप दिसला, सॉल्टेअर. तिथून सिनेमा सुचला. साधारण ३३,००० डॉलर, तीन आठवडे, आणि मुख्य भूत म्हणून तो स्वतःच, चेहरा पांढरा करून. पुलावरून गाडी नदीत पडते, एक मुलगी चिखलाने माखून बाहेर येते, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरून दुसऱ्या गावी जाते. शेवट सांगत नाही. तुम्ही फक्त कान उघडे ठेवा. ती दुकानात कपडे बदलून बाहेर येते आणि जगाचा आवाज गेलेला असतो. गाड्या चालतायत, माणसं बोलतायत, ऐकू काहीच येत नाही, आणि तीही कोणाला दिसत नाही. मग बागेत एका झाडाला हात लावते आणि पक्ष्याच्या आवाजाबरोबर सगळं परत येतं. पैसे फार नव्हते, त्याने नुसता आवाज काढून घेतला. आमच्या हॉलमध्ये त्या मिनिटभरात बाहेरची लोकलसुद्धा ऐकू आली, आणि काकूंनी माझं मनगट धरलं.

अभिनय कुठेकुठे लाकडी आहे. संवाद ओठांशी जुळत नाहीत. वीस मिनिटं सोसा, नंतर तेच विचित्र वाटून अंगावर यायला लागतं.

यानंतर मात्र 'द इनोसन्ट्स' (१९६१). हा माझा लाडका, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. दिग्दर्शक जॅक क्लेटन, छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस, मूळ गोष्ट हेन्री जेम्सची. एका मोठ्या घरात दोन अनाथ मुलं, आणि त्यांना सांभाळायला आलेली डेबोरा कर. स्टुडिओने क्लेटनच्या गळ्यात सिनेमास्कोपची लांबच लांब फ्रेम मारली होती, ती त्याला नको होती. फ्रान्सिसने फिल्टर हाताने रंगवून फ्रेमच्या कडा काळ्या करत नेल्या. म्हणजे मधोमध मेणबत्तीचा उजेड आणि दोन्ही बाजूंना आपणच वाट बघत बसावं असा अंधार. म्हणूनच म्हटलं, फ्रेम ताणायची नाही की कापायची नाही. कडा हेच या सिनेमाचं घर आहे.

सुरुवात काळ्या पडद्यावर एका लहान मुलीच्या गाण्याने होते. लोक म्हणतील टीव्ही बिघडला. हात लावू देऊ नका.

पण मी हा सिनेमा दाखवते तो तळ्याकाठच्या प्रसंगासाठी. दिवसाची वेळ. पलीकडच्या काठावर लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी आहे. कॅमेरा तिच्याजवळ जात नाही, संगीत किंचाळत नाही. ती नुसती उभी. ओरलोक उन्हात फिरला तेव्हा आम्ही हसलो होतो, इथे उजेडातच दातखीळ बसली. कारण तिथे उजेड चुकून राहिला होता, इथे मुद्दाम ठेवलाय. माझी राजापूरकडची आजी मुंज्याची गोष्ट सांगताना आवाज कधी चढवायची नाही. "पिंपळाखाली उभा होता. बघत होता." एवढंच, आणि पुढे तांदूळ निवडायला लागायची.

हा प्रसंग झाल्यावर 'हॅलोवीन'मधली ती दुपार लावा. कुंपणाच्या झुडपाशेजारी मुखवटेवाला उभा आहे, भर उजेडात, लांबवर. मग 'इट फॉलोज' (२०१४) लावा आणि पार मागे चालत येणारी आकृती शोधा. दिग्दर्शकाने असं म्हटलंय की नाही हे बाजूला राहू द्या, डोळ्यांना नातं दिसतं. 'द अदर्स' (२००१) मधलं घर, मुलं आणि निकोल किडमनचा ताठ मानेचा धाक पाहिल्यावर तर पुरावा मागायचीही गरज पडत नाही.

जपानकडे वळायचं असेल तर 'ओनिबाबा' (१९६४). काकूंना मी "सासू-सुनेची गोष्ट आहे" एवढंच सांगितलं आणि ही माझी दुसरी फजिती. सासू-सून आहेत खऱ्या, पण त्या पुरुषभर उंच गवतात लपून वाट चुकलेल्या सामुरायांना मारतात, प्रेत खड्ड्यात ढकलतात आणि चिलखत विकून धान्य घेतात. शिवाय अंगावर कपडे नसलेले प्रसंगही आहेत, तेव्हा कोणाला बोलावताय ते आधी बघा. काकू उठल्या मात्र नाहीत. त्यातला मुखवटा नीट पाहून ठेवा. 'द एक्सॉर्सिस्ट' (१९७३) मध्ये पापणी लवेपर्यंत चमकून जाणारा जो पांढरा चेहरा आहे, त्याची कल्पना या मुखवट्यावरून घेतल्याचं त्याचा दिग्दर्शक फ्रीडकिनने सांगितलंय. आणि ते डोलणारं गवत पाहताना मला आपल्या 'लपाछपी'तला (२०१७) ऊस आठवत राहिला. तिथे उसनवारी आहे असं म्हणत नाही. उंच पिकात वाट चुकायची भीती आपल्याला जपानकडून आणायची गरजच नाही, आपल्याकडे चकवा आहे.

आपल्याकडचे आजोबाही शोधा की. कमाल अमरोहींच्या 'महल'चं (१९४९) संकलन बिमल रॉय यांनी केलं होतं. हे कळल्यावर त्यांचा 'मधुमती' (१९५८) पुन्हा पाहिला, तर तो जुना वाडा आणि पुनर्जन्म वेगळेच दिसायला लागले. 'आएगा आनेवाला' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीच्या ओळी लांबून आल्यासारख्या वाटाव्यात म्हणून लताबाई खोलीच्या टोकापासून गात गात माईककडे चालत आल्या होत्या, त्यांनीच सांगितलेली आठवण आहे. आणि कधीकधी आजोबा सिनेमा नसतातच. 'तुंबाड'चा (२०१८) माग काढत गेलात तर नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीपाशी पोहोचतं आणि भीती नारायण धारपांच्या गोष्टीपाशी. दिग्दर्शक राही बर्वेंना ती नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने ऐकवली होती. धारप वाचनालयात मिळतात, आमच्याकडच्या प्रतींची तर पानं सुटलेली आहेत.

शेवटची पायरी भाच्यामुळे आली, त्याला शॉर्टफिल्म करायची आहे. पाहिलेली एक युक्ती मोबाइलवर स्वतः करून बघायची. जपानी 'रिंग'मधलं (१९९८) भूत, सदाको, अशी मोडल्यासारखी का चालते? नटी उलटी, मागे मागे चालली आणि ते चित्रण उलटं फिरवलं. त्याच्या कितीतरी आधी ड्रायरच्या 'व्हॅम्पायर'मध्ये (१९३२) खड्डा खणणाऱ्या माणसाची सावली अशीच उलटी आहे, माती उडून फावड्यावर येते. भाच्याने मला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात उतरत्या पायऱ्यांवरून उलटं चालायला लावलं, कठडा धरून. तुम्ही करणार असाल तर सपाट जागा घ्या, पार्किंग बरं. कॅमेरा स्थिर, कपडे सैल, केस मोकळे, आणि फ्रेममध्ये दुसरं काहीही हलायला नको. आमच्या पहिल्या प्रयत्नात मागून दूधवाला चढत आला. उलटं फिरवल्यावर तो पाठमोरा, पिशवी सावरत, जिना उतरत गेला.

तेवढा तुकडा भाच्याने तसाच ठेवलाय. पुढच्या शनिवारी 'इरेझरहेड'च्या आधी दाखवणार आहे.