द्वेनजांग जिगे करायची तर तांदळाचं धुवण ठेवा

दक्षिण कोरियातल्या देजॉनला मी चार हिवाळे काढले. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. सगळे त्यांना हाल्मोनी, म्हणजे आजी म्हणत, तशी मीही. तांदळाचं पहिलं पाणी त्या ओतून देत आणि दुसरं पातेल्यात राखून ठेवत. रत्नागिरीला आमच्याकडे धुवण गोठ्यात गायीला जायचं. हाल्मोनी त्यात द्वेनजांग जिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची कोरियन रस्साभाजी शिजवायच्या. धुवणातल्या पिठूळपणामुळे रस्सा मिळून येतो, सोयाबीनचा गाळ तळाशी बसत नाही. नुसत्या पाण्यात केलेली जिगे मला आता पाणचट लागते.

द्वेनजांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. सोयाबीन उकडून, ठेचून त्याच्या विटा करतात, भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात आणि मग मिठाच्या पाण्यात मुरवतात. वर येतं ते पाणी सोया सॉस, खाली उरतं ते द्वेनजांग. ही जांग (सोयाबीन आंबवून केलेले असे लगदे आणि सॉस) घालण्याची रीत 2024 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. कोरियन दुकानात डब्याच्या रंगावरून ओळखा: तपकिरी डबा बहुधा द्वेनजांगचा, लाल गोचुजांगचा (मिरचीचा लगदा), हिरवा साम्जांगचा (दोन्हींचं मिश्रण). घटक मात्र वाचाच. कारखान्याच्या द्वेनजांगमध्ये पुष्कळदा गहू असतो. जपानी मिसो वापरू नका, ती गोडसर असते आणि उकळली की तिचा वास उडतो. द्वेनजांगला उकळी हवीच.

दोघांसाठी 600 मिली धुवण घ्या. आठ-दहा सुकी मेलची (छोटी मासळी) घेऊन डोकी आणि पोटातला काळा भाग काढून टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर रस्सा कडवट होतो. मासळी कोरड्या पातेल्यात मिनिटभर परता, म्हणजे उग्र वास जातो. मग धुवण आणि तळहाताएवढा दाशिमाचा, म्हणजे सुक्या समुद्री शेवाळाचा तुकडा घाला. उकळी आली की दाशिमा लगेच काढा, नाहीतर रस्सा बुळबुळीत होतो. मासळी आणखी दहा मिनिटं उकळू द्या, मग काढा. झाकण ठेवू नका, धुवण दुधासारखं उतू जातं. शाकाहारी असाल तर मासळीऐवजी तीन-चार सुके शिताके मशरूम घाला. तेच मऊ झाल्यावर चिरून परत रश्श्यात टाकायचे.

आता एका लहान बटाट्याच्या फोडी. त्या अर्ध्या शिजल्या की दोन मोठे चमचे द्वेनजांग गाळणीत घेऊन रश्श्यातच चमच्याने घोळवा. गाळणीत उरलेले दाणेही आत टाका, हाल्मोनी ते कधी फेकत नसत. मग अर्धा कांदा, अर्धी झुकिनी (नसेल तर कोवळा दुधी), ठेचलेल्या तीन लसूणपाकळ्या, अर्धा चमचा गोचुगारू (कोरियन मिरचीची भरड). गोचुगारू नसेल तर बिया काढलेली ब्याडगी मिरची जाडसर कुटून घ्या, रंग जवळपास तोच येतो. सहा-सात मिनिटांनी 200 ग्रॅम टोफूच्या जाड फोडी, एक हिरवी मिरची आणि पातीचा कांदा. आणखी दोन मिनिटं, बस्स.

मीठ घालू नका. शेवटी चव घ्या; अळणी वाटलं तर अर्धा चमचा द्वेनजांग वाढवा. फोडणीही नको. पहिल्या वर्षी मी राई-हिंगाची फोडणी दिली होती आणि सोयाबीनचा तो खोल, मुरलेला वास पार दबून गेला. हाल्मोनींनी वाटीभर खाल्ली, पण दुसऱ्यांदा घेतली नाही.

तुकबेगी, म्हणजे मातीचं जाड भांडं मिळालं तर जरूर घ्या. ते रस्सा घालूनच आधी मंद आचेवर तापवा, रिकामं कधी तापवू नका, तडकतं. साबणाने घासू नका, माती साबण पिते. त्यालाही धुवणच चालतं. टेबलावर आणल्यावरही जिगे त्यात खदखदत राहते. भांडं मधोमध ठेवा, प्रत्येकाला गरम भाताची वाटी द्या. एक चमचा भात, एक चमचा जिगे, मध्ये किमचीचा (आंबवलेल्या तिखट कोबीचा) घास.

उरली तर दुसऱ्या दिवशी गरम करताना अर्धी वाटी धुवण घाला. रात्रभरात बटाट्याने रस्सा ओढलेला असतो आणि जिगे खारट लागते.