ट्यूनर हिरवा, तरी कॉर्ड कणसूर? इलेक्ट्रिक गिटार जुळवताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या सराव खोल्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सहाही तारांवर ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि ई मेजर धरला की कॉर्ड कणसूर लागतो. मग हात जातो जी तारेच्या खुंटीकडे. ती किंचित उतरवली की ई मेजर गोड होतो, आणि पुढच्याच ओळीत जी मेजर आणि सी मेजर बिघडतात. पुन्हा खुंटी फिरते. बहुतेकांचा निष्कर्ष असतो की गिटारच खराब आहे. गिटार खराब असतेही कधी कधी, पण आधी आपला कान काय मागतोय ते समजून घ्यायला हवं.

सप्तकाचे १२०० सेंट धरा. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर असतो. गिटारचे फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या पट्ट्या) मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिथला गंधार ४०० सेंटांवर पडतो, म्हणजे जवळजवळ १४ सेंट चढा. पंचमात फरक अवघा दोन सेंटांचा, तो सहसा खटकत नाही. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) लावलं की हा चढा गंधार फारच टोचतो. नुसत्या षड्ज-पंचमाचे पॉवर कॉर्ड रॉकमध्ये इतके चालतात त्याचं एक मोठं कारण हेच.

विष्णू दिगंबर पलुसकरांचं वास्तव्य लाभलेल्या या शहरात गिटार धरण्याआधी गाणं शिकलेली मुलं बरीच भेटतात. त्यांना हा त्रास जास्त होतो, कारण त्यांचा कान तयार असतो. त्यांनी एक प्रयोग जरूर करावा. जाड ई तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, नटच्या (खुंट्यांकडची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) बाजूला, हार्मोनिक काढा, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडा. मग बारीक ई तारेवर चौथा फ्रेट दाबून दोन्ही सूर एकत्र वाजू द्या. एक सुमारे ४१२ हर्ट्झचा, दुसरा ४१५.३ चा. सेकंदाला तीनेक हेलकावे, म्हणजे आवाजाचे चढउतार, स्पष्ट ऐकू येतील. गिटार अगदी निर्दोष असली तरीही येतील.

एकाच कॉर्डवर गिटार जुळवणं

ई मेजरमधला गंधार जी तारेच्या पहिल्या फ्रेटवर येतो. तो शुद्ध करायला जी तार १४ सेंट उतरवली, तर जी मेजरमध्ये तीच मोकळी तार षड्ज असते आणि सी मेजरमध्ये पंचम. दोन्ही ठिकाणी ती ढळढळीत उतरलेली ऐकू येते. चांगल्या कानाच्या माणसाकडून होणारी ही चूक आहे, म्हणून ती सुटायला वेळ लागतो.

पाचव्या-सातव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर विसंबणं

जाड तारेच्या पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक शेजारच्या बारीक तारेच्या सातव्या फ्रेटच्या हार्मोनिकशी जुळवायचा, ही पद्धत सगळ्यांनाच शिकवली जाते आणि तिनेच सर्वांत जास्त घोळ होतो. सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, फ्रेटवरचा समान भागांचा पंचम देत नाही. त्यामुळे ई वरून ए जुळवली की ती दोन सेंट उतरते, डी चार, जी सहा. बी तार लोक जाड ई च्या सातव्या फ्रेटच्या हार्मोनिकशी जुळवतात, ती दोन सेंट चढते. म्हणजे जी आणि बी यांच्यातलं अंतर ४०८ सेंट झालं. गंधार आधीच १४ सेंट चढा, त्यात आणखी आठ. सगळे हेलकावे कान देऊन घालवलेले असतात आणि तरीही जी मेजर वाईट वाजतो, त्याचं कारण हे. त्यापेक्षा प्रत्येक तार ट्यूनरवर वेगळी जुळवा आणि सूर नेहमी खालून वर आणत थांबा. नेक पिकअप (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकांपैकी नेकजवळचा) निवडून टोन थोडा कमी केला तर ट्यूनरची सुई स्थिर राहते.

सॅडलला सगळ्यांत आधी हात लावणं

इंटोनेशन, म्हणजे ब्रिजवरचं सॅडल (तारेचा आधार) पुढे-मागे सरकवून वरच्या फ्रेटचे सूर बरोबर बसवणं, ही शेवटची पायरी आहे. जुन्या, घामाने गंजलेल्या तारांवर ते कधीच बसत नाही, कारण अशा तारेची जाडी आणि वजन सगळीकडे सारखं उरत नाही. नवी तार चढवा, हाताने हलके ताणून घ्या. मग नेकचा बाक पाहा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाबला की मधोमध साधारण पाव मिलिमीटर फट असावी. त्यानंतर अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), आणि मग सॅडल.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल नटपासून लांब न्यायचं, उतरा असेल तर नटकडे आणायचं. स्ट्रॅटसारख्या ब्रिजवर मागचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की सॅडल मागे जातं. ६४८ मिलिमीटर स्केलवर (नट ते सॅडल तारेची लांबी) एक मिलिमीटर सरकवलं तर पावणेतीन सेंटांच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे एकदम पाच-सहा फेरे मारण्यात अर्थ नाही. सरकवण्याआधी तार सैल करा, नंतर पुन्हा जुळवा, मगच तपासा. आणि गिटार वाजवताना धरता तशीच धरा. टेबलावर आडवी ठेवली की नेकवरचा भार बदलतो. बोटही रोजच्या जोराने टेकवा. फ्रेटची पट्टी उंच असेल तर जरा जोरात दाबलं तरी सूर चढतो, आणि तो दोष सॅडलने जाणार नाही.

नट आणि पिकअप विसरणं

बारावा फ्रेट अचूक, पण पहिले दोन-तीन फ्रेट चढे वाजत असतील तर नटच्या खाचा उंच आहेत. तिसरा फ्रेट दाबून पहिल्या फ्रेटवर पाहा, तार केसभरच वर हवी. खाचा घासण्याचं काम योग्य जाडीच्या कानशीशिवाय करू नका. खाच खोल गेली की नट बदलावा लागतो.

जाड ई तार वरच्या फ्रेटवर दोन सूर एकदम वाजल्यासारखी हेलकावत असेल तर पिकअप फार वर आलाय. चुंबक तारेला ओढतो. पिकअप खाली घ्या, मग इंटोनेशनकडे वळा.

दुसऱ्याचे टेम्पर्ड आकडे जसेच्या तसे वापरणं

टेम्पर्ड म्हणजे कॉर्ड गोड लागावेत म्हणून तारा मुद्दाम थोड्या चढ-उतार ठेवून जुळवणं. अमेरिकन गायक-गिटारवादक जेम्स टेलर यांची आकडेवारी प्रसिद्ध आहे: जाड ई पासून क्रमाने १२, १०, ८, ४, ६ आणि ३ सेंट उतरवायचे. पण ती त्यांच्या अकूस्टिक गिटारसाठी आणि त्यांच्या हातासाठी बसवलेली आहे. बझ फायटेन या नावाच्या दुसऱ्या टेम्पर्ड पद्धतीत नटची जागाही बदलावी लागते, नुसते ट्यूनरचे आकडे उचलून तिचा फायदा मिळत नाही. मला पटणारा मार्ग साधा आहे. आधी सगळं समान भागांवर नीट जुळवा, मग जी तार दोन-तीन सेंट आणि बी तार एक-दोन सेंट उतरवून आपल्या गाण्यांतले कॉर्ड वाजवून पाहा. सोबत कीबोर्ड असेल तर याहून पुढे जाऊ नका, तो समान भागांवरच ठाम असतो. पेटी असेल तर तिचा ए नेहमीच्या ४४० हर्ट्झवरच आहे असं गृहीत धरू नका. तिच्या ए शी ट्यूनरचा संदर्भ आधी जुळवून घ्या.

राहिली हवा. नाशिकचा दमट पावसाळा, डिसेंबरचा कोरडा गारठा आणि मे महिन्याचा उन्हाळा यांत नेकचं लाकूड थोडंफार हलतंच. गणपतीत बसवलेलं इंटोनेशन थंडीत चुकलेलं वाटलं तर सॅडलकडे जाऊ नका. आधी नेकची फट मोजा. ती बदलली असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमीच फिरवा आणि गिटार रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी पुन्हा जुळवून बारावा फ्रेट तपासलात, की बऱ्याचदा सॅडल हलवायची वेळच येत नाही.