'रन' दिसला की 'धावणे' लिहिता? या चुका टाळा

नव्या कुर्त्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर कधी कधी तीन शब्द असतात : 'कलर्स मे रन'. भाषांतराच्या वर्गात मी ते फळ्यावर लिहिते आणि दोन-तीन वह्यांत तरी 'रंग धावू शकतात' उतरतं. त्याच मुलांच्या घरी आई म्हणत असते, "तो वेगळा भिजव गं, रंग जाईल." वाक्य घरातच असतं, वहीत मात्र येत नाही.

शाळेत एका शब्दाला एक अर्थ पाठ केला, तिथे हे बिनसतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढच्या सुधारणेत 'रन'ने तिला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ झाले. पीटर गिलिव्हर हे कोशकार त्या एका शब्दावर नऊ महिने काम करत होते. एवढे अर्थ पाठ करायला जाऊ नका. आपल्याकडे भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते आणि डोळाही लागतो. यातलं काही आपण कोशात बघून शिकलो नाही.

आधी कर्ता पाहा. नदी आणि नाक वाहतं. मशीन, दुकान, नाटक चालतं. माणूस 'रनिंग अ टेम्परेचर' असेल तर त्याच्या अंगात ताप आहे. इंग्रजी जिथे पळते तिथे मराठी बरेचदा चालते, म्हणून अडलात की 'चालणे' लावून बघा. निवडणुकीत मात्र अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड', आणि आपला उभा राहतो.

मग मागचापुढचा छोटा शब्द पाहा. 'रन आउट' आपल्याला क्रिकेटमुळे धावबाद म्हणून पक्का ठाऊक, पण त्यापुढे 'ऑफ मिल्क' आलं की दूध संपलेलं असतं. 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणं किंवा जाऊन आदळणं. पुढे मित्र आहे की खांब, त्यावर ठरतं. 'फोर डेज रनिंग' म्हणजे सलग चार दिवस. आपण 'मला तिसावं रनिंग आहे' म्हणतो, ते परदेशात कुणाला कळणार नाही.

सगळ्यात महागात पडते ती 'रन ऑन द बँक'ची चूक. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. याचं 'ठेवीदारांनी बँकेकडे धाव घेतली' केलंत तर अर्थ उलटतो. मराठीत धाव घेतात ती मदतीसाठी, न्यायालयात घेतात तशी. इथे लोकांचा विश्वास उडाला होता. 'ठेवी काढून घ्यायला झुंबड उडाली' असं लिहा.

तरीही वाक्य लागेना, तर 'रन'वर बोट ठेवा आणि उरलेलं मोठ्याने मराठीत म्हणा. 'द टॅप वॉज लेफ्ट रनिंग' : नळ... राहिला. मधला शब्द आता तुम्हीच बोललात. चालू.