गुंतवणूकदाराला मेसेज करण्याआधी: इंदूरच्या नव्या उद्योजकांनो, या चुका टाळा

कल्पना चांगली, चार ग्राहकही आलेले, आणि तरी पैसा अडतो. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की कामं उलट्या क्रमाने झालेली असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सरकारी मदतीला भांडवल समजणं. मध्य प्रदेशच्या 2022 च्या स्टार्टअप धोरणात भाड्याच्या निम्म्यापर्यंत, महिन्याला जास्तीत जास्त 5,000 रुपये मदत होती. पण अशा योजनांत आधी भाडं भरायचं आणि मग पावत्या जोडून मागायचं. तोवर पगार तुमच्याच खिशातून. म्हणून महिन्याच्या हिशेबात ही रक्कम धरूच नका. भाडेकरार कंपनीच्या नावाने करा आणि भाडं कंपनीच्याच खात्यातून द्या. बाबांच्या खात्यातून दिलेल्या भाड्यावर दावा करणं अवघड जातं. 2025 मध्ये राज्याचं नवं धोरण आलंय, तेव्हा कोणीतरी पाठवलेल्या जुन्या पीडीएफवरून अर्ज भरू नका.

डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता मिळाली की आयकर माफ, हाही गैरसमजच. 80-आयएसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीसाठी वेगळा अर्ज लागतो. ती पहिल्या दहांपैकी सलग तीनच वर्षांसाठी मिळते, म्हणून तोट्याच्या वर्षांत वाया घालवू नका. भागीदारी फर्मला मान्यता मिळते, ही सवलत मिळत नाही.

आता गुंतवणूकदार. तो तुमचा मेसेज दोन मीटिंगांच्या मध्ये, फोनवर वाचतो. ‘सर, जबरदस्त आयडिया आहे, भेटून सांगतो, आधी एनडीए (गुप्ततेचा करार) करू’ असं लिहिलंत तर उत्तर येत नाही. तशाच कल्पना घेऊन त्याच्याकडे आणखी लोक आलेले असतात, एकाशी करार करून तो स्वतःचे हात कशाला बांधून घेईल? समजा, तुमचं काम नमकीन कारखान्यांचं आहे. मग एवढंच लिहा:

“इंदूर, देवास, उज्जैनच्या नमकीन कारखान्यांची ऑर्डर आणि उधारी सांभाळणारं ॲप. 14 कारखाने महिन्याला प्रत्येकी 2,500 रुपये भरतात. सहा महिन्यांत एकाने सोडलं. 60 लाख उभे करतोय, 20 लाख पक्के. 18 महिन्यांत 120 कारखाने करायचेत. पुढच्या आठवड्यात 15 मिनिटं बोलता येईल का?”

यात सोडून गेलेला ग्राहकही आहे, तो लपवू नका. पुढच्या चौकशीत निघतोच, आणि तेव्हा उरलेल्या आकड्यांवरचा विश्वासही जातो. हाच मजकूर ओळख करून देणाऱ्यालाही वेगळा पाठवा, म्हणजे त्याला काही न लिहिता पुढे धाडता येईल. पाठवण्याआधी तो गुंतवणूकदार साधारण केवढ्या रकमा गुंतवतो ते बघून घ्या. पाच कोटींपासून सुरुवात करणाऱ्याकडे 60 लाख मागण्यात दोघांचाही वेळ जातो. उत्तर नाही आलं तर आठवड्याने लिहा, पण ‘काही ठरलं का सर?’ नको. ‘आता 17 कारखाने झाले’ हे लिहा. तिसऱ्यांदाही शांतता असेल तर पुढच्या माणसाकडे वळा.

होकार आल्यावरच्या चुका जास्त दुखतात. शेअरचे पैसे चालू खात्यात घेऊन लगेच खर्च करू नका. प्रायव्हेट प्लेसमेंटची, म्हणजे निवडक लोकांनाच शेअर देऊन घेतलेली, रक्कम वेगळ्या बँक खात्यात, रोखीशिवाय घ्यावी लागते. पैसे मिळाल्यापासून 60 दिवसांत शेअरवाटप, वाटपानंतर 15 दिवसांत त्याची माहिती देणारा पीएएस-3 फॉर्म, आणि तो फॉर्म दाखल होईपर्यंत पैशाला हात लावायचा नाही. फॉर्म ऑनलाइन जातो, पण आपलं कंपनी रजिस्ट्रार कार्यालय ग्वाल्हेरला आहे. चूक झाली की पत्रव्यवहार तिकडूनच चालतो. म्हणून कंपनी कायद्याची कागदपत्रं बघणारा कंपनी सेक्रेटरी पैसे यायच्या आधी गाठा.

कन्व्हर्टिबल नोटचं, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाचंही तसंच. कंपनीला आधी स्टार्टअप म्हणून मान्यता हवी, आणि एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान 25 लाख यायला हवेत. मामांचे 10 आणि कॉलेजच्या मित्राचे 15 जोडून 25 होत नाहीत. कायद्याच्या नजरेत ती रक्कम ‘ठेव’, म्हणजे परत करायच्या बोलीवर लोकांकडून घेतलेले पैसे, ठरू शकते. त्या दोघांना रीतसर शेअर द्या.