सारखी वर्गणी आणि मनाची देणगी: दोन पावतीपुस्तके कशी ठेवावीत

गणेशोत्सवामुळे पुणेकराला वर्गणी आणि देणगी हे दोन्ही शब्द लहानपणापासून ठाऊक असतात, पण पुष्कळदा दोन्ही एकाच पावतीपुस्तकात जातात. ज्यू परंपरेने त्यांची फारकत फार पूर्वीच केली. पुण्यातील रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो किंवा १८६७ चे लाल देऊळ या सिनेगॉगांसारख्या (ज्यू प्रार्थनास्थळांसारख्या), लहान समाजाने सांभाळलेल्या वास्तूच्या समितीला ती फारकत आजही उपयोगी पडेल.

वर्गणीचा आकडा ठरवताना वरून खाली येऊ नये. सर्वांत ओढगस्तीच्या घराला जे झेपेल तिथून सुरुवात करावी. बायबलमधील ‘निर्गम’ ग्रंथात प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल (शेकेल म्हणजे चांदीचे ठरावीक वजन) द्यावा, श्रीमंताने अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये, अशी आज्ञा आहे. मोजणीत ६,०३,५५० पुरुष भरले, आणि त्यांच्या चांदीतून निवासमंडपाच्या, म्हणजे वाळवंटातील तंबूवजा उपासनास्थळाच्या, १०० उथळ्या (खांब-फळ्यांच्या बैठका) ओतल्या गेल्या. हिशेब केला तर एका उथळीत ६,००० माणसांचा वाटा येतो, आणि त्यातला कोणाचा कोणता हे सांगता येत नाही. म्हणून वीजबिल, झाडलोट, शमाशचे (सिनेगॉगच्या सेवकाचे) मानधन, छपराची डागडुजी असा पायाचा खर्च या वर्गणीतूनच भागवावा, आणि कोणी जास्त रक्कम पुढे केली तर ती या पुस्तकात घेऊ नये.

मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्रकार मायमोनिडीस तर सांगतो की दानावर जगणाऱ्यानेही अर्धा शेकेल द्यावा, प्रसंगी उसना घेऊन, आणि तो हप्त्यांनी नव्हे तर एकरकमी. वरवर हा नियम कठोर वाटतो. माझ्या मते मात्र त्यात गरिबाचा मान राखला आहे, कारण मग तो दुसऱ्याच्या पैशाने बांधलेल्या जमिनीवर उभा राहत नाही. सभासद हप्ते मागू लागले तर आकडा चढा ठरला आहे असे समजावे आणि तो उतरवावा.

उत्साहाला वाव हवाच, पण दुसऱ्या पुस्तकात. जेरुसलेमच्या मंदिरात शिंगाच्या आकाराच्या १३ पेट्या होत्या असे मिश्ना हा प्राचीन ज्यू नियमसंग्रह सांगतो; त्यांत यंदाच्या शेकेलांची एक, मागील थकबाकीची एक आणि स्वेच्छादानाच्या तब्बल सहा होत्या. आपल्याकडे तीन पेट्या पुरतील, मात्र प्रत्येकीवर हेतू स्पष्ट लिहावा. देणगीदाराचे नाव फलकावर घालावे की नाही हे आधीच ठरवावे. बैठकीची जागा किंवा मतदानातील वजन मात्र देणगीवर कधीही ठरू नये. नाव नको असलेल्यांसाठी त्या मंदिरात एक गुप्त दालनही होते: देणारे तिथे गुपचूप ठेवत आणि चांगल्या घरचे गरजू गुपचूप नेत.

त्या मंदिराच्या कोशातून पैसे काढणारा दुमडीचे वस्त्र घालून आत जात नसे, म्हणजे संशयाला जागा उरत नसे. आज दोघांनी मिळून पेटी उघडावी आणि मोजलेली रक्कम तिथेच लिहून दोघांनी सही करावी.

अर्ध्या शेकेलाच्या वर्गणीची घोषणा पूर्वी ज्यू पंचांगातील अदार महिन्याच्या पहिल्या दिवशी होत असे. पुरीम हा ज्यू सण त्याच सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातील मराठी बोलणारे ज्यू लोक, त्याला ‘होळीचा सण’ म्हणत. ३१ मार्चच्या ताळेबंदाच्या आधी वसुली आटोपते, हा आपला वेगळा लाभ.

देणगीचा उद्देश पुरा झाला की त्याच दिवशी तसे जाहीर करून ती पेटी बंद करावी. निवासमंडपासाठी गरजेपेक्षा जास्त सामान येऊ लागले, तेव्हा इस्राएली लोकांचा नेता मोशे याने छावणीत दवंडी पिटवून लोकांना आणखी काही आणू नका असे सांगितले होते.