कूलरची तुलना करायला बसण्याआधी

गेल्या एप्रिलमध्ये मी घरी संगणकाच्या प्रोसेसरवर बसणारे, पंख्याचे दोन एअर कूलर एकापाठोपाठ एक लावून मोजले आणि मित्राला छातीठोकपणे सांगितलं, लहानवाला घे, मोठ्याचे जादा पैसे वाया जातील. त्याने ऐकलं. महिन्याभराने मोठा कूलर साफसफाईसाठी काढला तेव्हा तळाला एका बाजूची पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती, उष्णता पुढे नेणारी) दाबून पातळ झालेली आणि दुसऱ्या बाजूची लावली होती तशीच जाड. त्या बाजूचा स्क्रू मी दोन फेरे कमी आवळला होता. पूर्ण आवळून पुन्हा मोजलं, तर तोच कूलर सहा अंशांनी थंड निघाला आणि माझा निकाल उलटा झाला. मित्राचे पैसे तर खर्च झालेच होते. म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय.

पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड, लांब दांड्याचा पेचकस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त पेस्टची ट्यूब दोन्ही कूलरना एकच हवी. खोक्यात आलेल्या पुड्या बाजूला ठेवा, नाहीतर तुलना पेस्टची होईल.

आता वही. वही नसेल तर बसूच नका. आणि पेचकसाच्या मुठीवर पांढऱ्या मार्करने एक ठिपका, फेरे मोजता यावेत म्हणून. प्रत्येक स्क्रू किती फेरे गेला आणि शेवटी थांबला का, हे दोन्ही लिहायचं. माझ्याकडे हेच नव्हतं. मी हाताच्या अंदाजावर विसंबलो. मध्येच स्क्रू जड लागला, मदरबोर्ड तडकेल असं वाटलं आणि हात थांबला. तो जडपणा स्प्रिंगचा असतो, शेवटाचा नव्हे. स्प्रिंगवाले बरेचसे स्क्रू ठरलेल्या जागी टेकून थांबतात. तिथपर्यंत जायचंच. दाब किती पडावा हे स्प्रिंग आणि खालच्या खुंट्यांची उंची ठरवते, आपल्या मनगटाने ठरवायचं नसतं.

आधी सगळ्या स्क्रूंचे आटे हाताने धरवून घ्या, मग इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. चार स्क्रू असतील तर कर्णाने. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे वळलात तर कूलर तिरका बसतो. टेकून थांबल्यावर मात्र आणखी पिळू नका. २०१५ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांचा खालचा थर आधीपेक्षा पातळ होता. जड कूलरखाली ते प्रोसेसर वाकल्याच्या तक्रारी आल्या आणि सायथ या कूलरच्या कंपनीने त्यासाठी वेगळे स्क्रू दिले. एएमडी तर थ्रेडरिपर या मोठ्या प्रोसेसरच्या खोक्यातच १.५ न्यूटन-मीटर जोर झाला की पकड सोडणारा पेचकस देत असे, सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेची, चौकट आवळायला. हाताच्या अंदाजावर त्यांनीही सोडलं नाही.

एवढ्याशा फटीने सहा अंश कसे, असं मलाही वाटलं होतं. तांब्याच्या तुलनेत पेस्ट उष्णतेची फार कमी वाहक आहे, तिचं काम फक्त बारीक खाचा भरण्याचं. दाबाने ती पिळून निघते आणि थर पातळ होतो. दाब कमी पडून दर वॅटला ०.०५ अंशाचा अडथळा वाढला, तरी १२५ वॅटला सव्वासहा अंश होतात. पेस्ट पुरेशी पातळ झाली की पुढच्या दाबाचा फायदा घटत जातो, म्हणून जास्त आवळून काही मिळत नाही, पण कमी आवळलं तर सगळं मोजमाप जातं.

तुमच्याकडे इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट असेल तर आणखी एक तपासणी. २०२१ मध्ये हे सॉकेट आलं तेव्हा बोर्डावरच्या कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं आणि प्रोसेसरची उंचीही कमी झाली. काही असुसच्या बोर्डांवर जुनीही भोकं ठेवली होती, त्यामुळे जुना कूलर बसतो, पण दाब कमी पडू शकतो. बसला म्हणजे लागला असं नाही! शिवाय हे सॉकेट प्रोसेसरला मधल्या भागात दोन्ही कडांनी दाबतं, त्यामुळे वरचं झाकण किंचित खोलगट होतं. त्यावर उपाय म्हणून लोक काँटॅक्ट फ्रेम लावतात, म्हणजे प्रोसेसरला सगळीकडून सारखी दाबणारी चौकट. नॉक्टुआ कंपनीने २०२४ मध्ये एनएच-डी१५ जी२ हा कूलर याच कारणाने तळाच्या तीन वेगवेगळ्या गोलाईंमध्ये काढला. फ्रेम आहे की नाही, वहीत लिहा, आणि दोन कूलरच्या मध्ये ती बदलू नका.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीएल१ आणि पीएल२, म्हणजे प्रोसेसर किती वॅट ओढेल याच्या दोन मर्यादा, एकाच आकड्यावर बांधा. मोकळं सोडलं तर चांगला कूलर जास्त वॅट ओढू देतो आणि तापमान सारखंच दिसतं. पंख्याचा वेग कायम ठेवा. थर्मामीटर कूलरच्या पंख्यासमोर, आत जाणाऱ्या हवेत. खोलीचं तापमान वजा करूनच आकडा लिहायचा. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपार आणि रात्र यांत पाच-सहा अंश सहज जातात.

चाचणी वीस मिनिटं, शेवटच्या पाचाची सरासरी. पाण्याच्या कूलरला अर्ध्या तासाहून जास्त. प्रत्येक कूलर तीनदा काढून लावा, दर वेळी नवी पेस्ट, दर वेळी फेरे मोजून. हो, तिसऱ्यांदाही, कंटाळा आला तरी. मी एकदाच लावला होता, म्हणून चूक दिसलीच नाही. तीन आकड्यांत तीन अंशांचा फरक आला तर कूलरला दोष देण्याआधी वही उघडा.

काढताना तळाचा फोटो घ्या. पेस्टचा ठसा एका बाजूला जाड असेल तर तो आकडा खोडा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मशीन गरम असतानाच कूलर हलका डावी-उजवीकडे फिरवून सोडवा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. दोघांत अंशाच्या आतला फरक असेल तर बरोबरी लिहा. मित्राला सांगायचं असेल तर फेऱ्यांचं पानही पाठवा.